दोनदा घडलेला मनोरा

मुंबई विद्यापीठाची स्थापना १८ जुलै १८५७ रोजी झाली. उत्तर हिंदुस्थानात तेव्हा उठावाचा वणवा पेटलेला होता आणि इकडे या नव्या विद्यापीठाकडे स्वतःची म्हणावी अशी एक इमारतही नव्हती. त्यावाचून फारसे अडतही नव्हते. विद्यापीठाची घडण लंडन विद्यापीठाच्या धर्तीवर होती. शिकवायचे काम मुंबईच्या एल्फिन्स्टनसारख्या कॉलेजांचे, विद्यापीठाने परीक्षा घ्यायच्या आणि पदव्या द्यायच्या. त्यामुळे वर्ग नकोत, प्रयोगशाळा नको, वसतिगृह नको. कचेरीपुरता टाउन हॉल पुरे होता. १८६२ साली पहिले चार बी.ए. झाले ते याच बिनघराच्या विद्यापीठातून : महादेव गोविंद रानडे, रामकृष्ण गोपाळ भांडारकर, बाळ मंगेश वागळे आणि वामन आबाजी मोडक. महाराष्ट्राच्या पुढच्या चाळीस वर्षांच्या विचारावर ज्यांचा ठसा उमटला त्यांतली दोन नावे या चौघांत आहेत. विद्यापीठ माणसांनी उभे राहते, दगडांनी नाही, असे म्हणायला हे उदाहरण फार सोयीचे आहे. पण ओव्हल मैदानाच्या कडेला उभी असलेली ती दोन दगडी घरे आणि त्यांतल्या एकाला जोडलेला मनोरा पाहिला की दगडांनाही त्यांचे श्रेय द्यावेसे वाटते. ते श्रेय देताना ज्यांनी हे दगड घडवले आणि सव्वाशे वर्षांनी ज्यांनी ते पुन्हा सावरले, त्या दोघांना सारखेच द्यावे, एवढेच मला या लेखात सांगायचे आहे.

या वास्तूचा पाया खऱ्या अर्थाने अमेरिकेत खणला गेला. १८६१ साली तिथे यादवी युद्ध पेटले, दक्षिणेकडच्या बंदरांची नाकेबंदी झाली आणि लँकेशायरच्या गिरण्यांना मिळणारा अमेरिकन कापूस आटला. गिरण्यांना कापूस हवाच होता. तो गुजरात, खानदेश, वऱ्हाडातून मुंबई बंदरात येऊ लागला आणि भाव चढता चढता असा चढला की शहराची मतीच गुंग झाली. पैसा इतका आला की तो ठेवायचा कुठे हा प्रश्न पडला. मग बँका निघाल्या, कंपन्या निघाल्या, समुद्र हटवून जमीन करण्याच्या योजना निघाल्या. बॅक बे रेक्लमेशन कंपनीचा पाच हजारांचा शेअर पन्नास हजारांवर गेला. या सगळ्या उलाढालीच्या मध्यभागी एक माणूस होता, प्रेमचंद रायचंद. सुरतेकडचा ओसवाल जैन, तिशीच्या आतबाहेरचा, भायखळ्याला राहणारा. बाजारात त्याचा शब्द म्हणजे भाव, अशी त्याची पत होती.

गव्हर्नर सर बार्टल फ्रीअर याच सुमारास जुन्या कोटाची तटबंदी पाडत होते. तट गेला, खंदक बुजले आणि एस्प्लनेडच्या मोकळ्या पट्ट्यावर समुद्राकडे तोंड करून सरकारी इमारतींची एक रांग उभारण्याचे ठरले. दक्षिणेला सचिवालय, मग विद्यापीठ, मग हायकोर्ट. आज त्यांच्यासमोर मैदान आणि त्यापलीकडे आर्ट डेको इमारतींची रांग दिसते. त्या आर्ट डेको इमारतींखालची जमीन पुढच्या शतकात समुद्रातून काढलेली आहे. त्या काळी या इमारतींच्या सज्जातून बॅक बेचे पाणी दिसे आणि पश्चिमेचा वारा थेट आत येई.

विद्यापीठाला जागा मिळाली, पैसा मिळवायचा होता. सर्वांत आधी पुढे आले कावसजी जहांगीर. ‘रेडीमनी’ हे त्यांच्या घराण्याला चिकटलेले आडनाव. १८६३ साली त्यांनी पदवीदान सभागृहासाठी एक लाख रुपये दिले. परीक्षा घेणाऱ्या विद्यापीठाला सर्वांत आधी हवे होते ते पदवी देण्यापुरते एक छप्पर, हे त्यांनी बरोबर ओळखले होते. पाठोपाठ ऑगस्ट १८६४ मध्ये प्रेमचंदांनी ग्रंथालयासाठी दोन लाख दिले आणि काही आठवड्यांतच आणखी दोन लाख, या विनंतीसह की त्यातून एक मनोरा उभारावा, त्यात मोठे घड्याळ आणि घंटांचा संच असावा आणि त्याला आपल्या आईचे, राजाबाईंचे नाव द्यावे.

राजाबाई अंध होत्या, सूर्यास्ताआधी जेवण्याचा जैन नेम त्या कटाक्षाने पाळत आणि वेळ कळावी म्हणून मुलाने घंटा बांधून दिल्या, अशी कथा मुंबईत पिढ्यान्‌पिढ्या सांगितली जाते. कथा गोड आहे. पण मनोरा पुरा व्हायला देणगीपासून चौदा वर्षे लागली, हेही ती सांगताना ध्यानात घ्यावे. मला स्वतःला कथेपेक्षा त्या विनंतीतली एक साधी गोष्ट अधिक मोठी वाटते. शहरातल्या सर्वांत उंच वास्तूला गव्हर्नराचे नाही, राणीचे नाही, तर एका गुजराती विधवेचे किंवा सवाष्णीचे, जी कोणी ती असेल तिचे, घरातले नाव द्यावे असे या माणसाच्या मनात आले. आणि ते नाव टिकले. ग्रंथालयाचे नाव किती जणांना ठाऊक आहे? राजाबाई टॉवर मात्र टॅक्सीवाल्यापासून न्यायाधीशापर्यंत सर्वांच्या तोंडी आहे.

प्रेमचंदांच्या देणग्यांचे वर्ष १८६४ हे नीट लक्षात ठेवायला हवे. कारण एप्रिल १८६५ मध्ये दक्षिणेचा सेनापती जनरल ली शरण गेला, अमेरिकन युद्ध संपले आणि कापसाचा भाव धाडकन कोसळला. १ जुलै १८६५ हा वायद्यांचे हिशेब चुकते करण्याचा दिवस होता. त्या दिवशी कुणाकडेच चुकते करायला काही उरले नव्हते. बॅक बेच्या शेअरचे कागद रद्दीच्या मोलाचे झाले, एकेक पेढी बसली, पुढे बँक ऑफ बॉम्बेही बुडाली. प्रेमचंद १८६६ मध्ये देशोधडीला लागले. त्यांनी नंतर पुन्हा धंदा उभा केला, १९०६ पर्यंत जगले, पण ते जुने वैभव परतले नाही. त्या तेजीत मुंबईत आलेल्या अफाट पैशापैकी बहुतेक हवेत विरला. जो धर्मादायात गेला होता तेवढाच आज हाताने चाचपून पाहता येतो.

नकाशे काढले सर जॉर्ज गिल्बर्ट स्कॉट यांनी. लंडनचे सेंट पँक्रस स्टेशनाचे हॉटेल ज्यांनी रचले तेच हे. इंग्लंडातल्या गॉथिक पुनरुज्जीवनाचा हा सर्वांत मोठा आचार्य मुंबईत कधीच आला नाही. त्याने लंडनहून आराखडे पाठवले : सभागृह तेराव्या शतकातल्या फ्रेंच वळणाचे, ग्रंथालय आणि मनोरा व्हेनिसच्या गॉथिकाच्या चालीचे. न पाहिलेल्या गावासाठी घर काढायचे म्हणजे धाडसच, पण त्याने हवामानाचा विचार केला होता. दोन्ही इमारतींना कमानींचे खोल व्हरांडे आहेत, त्यामुळे आतली भिंत थेट उन्हात आणि पावसात येत नाही. कोपऱ्यांवरचे गोल जिने उघडे आहेत, वारा त्यांच्यातून खेळतो. स्कॉट मार्च १८७८ मध्ये वारला. मनोरा पुरा झाला त्याच वर्षी नोव्हेंबरात.

प्रत्यक्ष उभारणी लेफ्टनंट कर्नल जेम्स फुलर यांच्या देखरेखीखाली झाली. शेजारचे हायकोर्टही त्यांचेच. सभागृहाचे काम १८६९ ते १८७४ चालले. मनोऱ्याचा पायाही १ मार्च १८६९ रोजी घातला गेला. पिवळसर झाक असलेला कुर्ल्याचा दगड भिंतींना आणि पोरबंदरचा मऊ दगड कोरीवकामाला, अशी वाटणी होती. पोरबंदरी दगड छिन्नीखाली लोण्यासारखा कापला जातो, म्हणून त्यात पानेफुले, मुखवटे सहज उमटतात. मनोरा खाली चौकोनी उठतो, वर जाताना अष्टकोनी होतो आणि २८० फुटांवर टोकाला पोचतो. त्याच्या तळातूनच गाडी आत यावी अशी कमान आहे. ग्रंथालय आणि मनोरा मिळून सुमारे साडेपाच लाख रुपये लागले. २७ फेब्रुवारी १८८० रोजी ग्रंथालय खुले झाले.

या मनोऱ्यावर चोवीस मूर्ती आहेत. पश्चिम हिंदुस्थानातल्या निरनिराळ्या जातीजमातींची माणसे, आपापल्या पागोट्या-पोशाखांत. युरोपातल्या चर्चवर जिथे संत उभे असतात तिथे इथे तुमच्याआमच्या गावची माणसे उभी आहेत. या मूर्तींचे नमुने घडवले रावबहादूर मुकुंद रामचंद्र यांनी. ते या कामावरचे साहाय्यक अभियंता होते, शिल्पकार म्हणून नेमलेले नव्हते. स्कॉटचे नाव प्रत्येक पुस्तकात सापडते, मुकुंद रामचंद्रांचे नाव एखाद्या जुन्या मार्गदर्शिकेत ओळभर. बारकाईने पाहिले तर मनोऱ्याचे मुंबईपण आहे ते याच मूर्तींत. बाकी सारे लंडनच्या कागदावरून उतरले.

सभागृह आतून १०४ फूट लांब आणि ४४ फूट रुंद आहे, आणि छत ६३ फुटांवर. एका टोकाला अर्धवर्तुळाकार व्यासपीठ, तिन्ही बाजूंनी सज्जा आणि वर वीस फूट व्यासाची चक्राकार खिडकी. तिच्या कडेच्या बारा काचांवर बारा राशी आहेत. मेषेपासून मीनेपर्यंतचा हा राशिचक्राचा फेरा ख्रिस्ती कलेतून आला असला तरी पंचांगावर वाढलेल्या पदवीधराला त्यात परके काहीच वाटले नसणार. सभागृहाबाहेरच्या बागेत कावसजींचा पुतळा आहे, थॉमस वूल्नरने घडवलेला.

पुढचे शतक या घरात काय काय घडले त्याची यादी फार लांब होईल. मुलींना पदव्या खुल्या झाल्या त्या १८८० च्या दशकात. काशिनाथ त्र्यंबक तेलंग १८९२ मध्ये पहिले भारतीय कुलगुरू झाले आणि त्यांच्यामागून भांडारकर, म्हणजे पहिल्या चौघांतलेच एक. रानडे फेलो म्हणून वर्षानुवर्षे एका गोष्टीसाठी भांडत राहिले. १८६० च्या दशकात वरच्या परीक्षांतून मराठी काढून टाकली गेली होती, तिला परत जागा द्या, एवढीच त्यांची मागणी. सभेमागून सभा, टिपणामागून टिपणे. जानेवारी १९०१ मध्ये ते गेले, त्याच सुमारास एम.ए.च्या परीक्षेत मराठीला जागा मिळाली. आज मराठीत पीएच.डी. करणाऱ्या विद्यार्थ्याने या आवारात पाऊल ठेवताना रानड्यांची आठवण जरूर काढावी.

मनोऱ्याच्या वाट्याला एक काळा दिवसही आला. २५ एप्रिल १८९१ रोजी दोन तरुण पारशी स्त्रिया वरून पडून मरण पावल्या. खटला चालला, आरोपी सुटला, पण शहर कित्येक महिने हादरलेले होते. वरचा जिना आज लोकांसाठी बंद आहे.

घड्याळ लंड अँड ब्लॉकलीचे. साडेबारा फूट व्यासाच्या तबकड्या, पूर्वी आतून गॅसच्या दिव्यांनी उजळत. सोळा घंटांवर सोळा धून वाजत आणि त्या दिवसातून चार वेळा बदलत. त्यांत ब्रिटिश राष्ट्रगीत होते, ‘होम स्वीट होम’ होते, हँडेलही होता. आता दर पाव तासाला एकच धून वाजते. वजने खाली उतरतात, त्यांच्या ओढीने चाके फिरतात आणि वजने तळाला पोचण्याआधी कुणीतरी वर जाऊन किल्ली देऊन ती पुन्हा चढवतो. एकोणिसाव्या शतकातले हे यंत्र अजून माणसाच्या मनगटावर चालते.

विद्यापीठ वाढले तसे ते या आवारात मावेना. १९७० च्या सुमारास विभाग कालिन्याला गेले आणि फोर्टातल्या या वास्तूंकडे नित्याची वर्दळ कमी झाली. वर्दळ कमी म्हणजे लक्ष कमी. समोरून खारा वारा, वर चार महिने मुंबईचा पाऊस आणि बाजूच्या रस्त्यावरून मोटारींचा धूर. दगड काळवंडला. पन्हाळी तुंबल्या की पाणी भिंतीत मुरे, आतून लोणा फुटे. आणि मग अशा जुन्या इमारतीला जे हमखास होते ते होते : दुरुस्तीच तिला आजारी पाडते. जुने बांधकाम चुन्यात. चुना ओल शोषतो आणि सोडतोही, भिंत श्वास घेते. त्यावर सिमेंटचा लेप बसला की ओल आत कोंडते आणि बाहेर पडायला मऊ दगडाची वाट शोधते. पोरबंदरी दगडाचा पापुद्रा सुटतो, नाकडोळे गळतात. जतनाच्या कामातला मोठा भाग आधीच्या दुरुस्त्या उलगडण्यात जातो, हे बाहेरच्यांना खरे वाटत नाही.

१९९५ मध्ये मुंबईत वारसा वास्तूंचे नियम लागू झाले आणि याच दशकात ग्रंथालयाच्या रंगीत काचांवर काम सुरू झाले. इंडियन हेरिटेज सोसायटीने पुढाकार घेतला, इंग्लंडातून तज्ज्ञ आले, इथली माणसे शिकली. रंगीत काचेचे जतन जाणणारी मोजकी माणसे भारतात आहेत, त्यांतल्या स्वाती चांदगडकर या कामातून पुढे आल्या. हे काम कसे चालते ते जवळून पाहण्यासारखे आहे. रंगीत खिडकी म्हणजे शेकडो तुकड्यांची जोडणी. प्रत्येक तुकडा शिशाच्या पट्टीत बसवलेला, पट्टीला दोन्ही बाजूंनी खाच. काचेवरचे चेहरे, वस्त्रांच्या चुण्या धातूच्या भुकटीने रंगवून भट्टीत भाजलेले. काच शतकानुशतके टिकते, शिसे मात्र शंभरेक वर्षांत थकते, वाकते, आणि सारे तावदान पोटासारखे बाहेर येते. ते उतरवायचे तर आधी त्यावर कागद ठेवून पेन्सिलीने घासून पट्ट्यांचा ठसा घ्यायचा, प्रत्येक तुकड्याला क्रमांक द्यायचा, छायाचित्र काढायचे. मग शिसे कापून तुकडे सोडवायचे. मऊ ब्रशाने आणि शुद्ध पाण्याने शतकाची काजळी काढायची, पण इतक्या बेताने की भाजलेला रंग निघू नये. फुटलेला तुकडा शक्यतो सांधायचा, नवा घालायचा तो नाइलाज झाला तरच. शेवटी नव्या शिशात ठशाबरहुकूम सारे परत बसवायचे, सांधे डाखायचे, फटींत लांबी भरायची. एकेका तावदानाला कित्येक आठवडे. हे करणाऱ्याच्या हाताला घाई चालतच नाही.

पदवीदान सभागृहाचे जतन २००५ ते २००७ दरम्यान वास्तुविशारद आभा नारायण लांबा यांच्या मार्गदर्शनाखाली झाले. विद्यापीठाला दीडशे वर्षे पुरी होत होती, तेव्हा मुहूर्त चांगला साधला. दगड, लाकूड, फरशा, काचा अशा सगळ्यांवर काम झाले आणि २००७ मध्ये युनेस्कोने आशिया-प्रशांत विभागाच्या वारसा पुरस्कारांत त्याची दखल घेतली. त्यानंतर ग्रंथालय आणि मनोरा. टाटा कन्सल्टन्सी सर्व्हिसेसने चार कोटींहून अधिक रुपये दिले, इंडियन हेरिटेज सोसायटीने सूत्रे धरली, वास्तुविशारद ब्रिंदा सोमाया यांच्या चमूने काम केले आणि २०१५ मध्ये परांची उतरली. दीडशे वर्षांपूर्वी शेअर बाजारातल्या एका माणसाने दिलेल्या पैशातून उठलेला मनोरा या वेळी सॉफ्टवेअरच्या पैशातून सावरला गेला. मुंबईचा धंदा बदलला, देण्याची रीत तीच राहिली, याचा मला मनापासून आनंद वाटतो.

३० जून २०१८ रोजी बहारीनच्या मनामा शहरात जागतिक वारसा समितीने ओव्हल मैदानाच्या दोन्ही अंगांच्या इमारती, एकीकडची व्हिक्टोरियन गॉथिक आणि दुसरीकडची आर्ट डेको, मिळून जागतिक वारसा म्हणून जाहीर केल्या. त्याआधी वर्षानुवर्षे नागरिकांच्या संघटनांनी कागदपत्रे जमवली, मैदान वाचवले, नियमांसाठी झगडा दिला. या यादीत नाव लागल्याने जबाबदारी वाढली आहे. दर वर्षी मेअखेर पन्हाळी साफ व्हायला हव्यात, दगडांच्या सांध्यांत उगवलेले पिंपळाचे रोप मुळासकट निघायला हवे, गवंड्याच्या हातात सिमेंटऐवजी चुना असायला हवा आणि तो चुना मळणारी माणसे पुढच्या पिढीतही तयार व्हायला हवीत. त्यासाठी दर वर्षीच्या अंदाजपत्रकात वेगळी रक्कम लागते, पंचवीस वर्षांनी एकदा मिळणारी देणगी पुरत नाही. आणि एक मागणी माझी स्वतःची. रविवारी सकाळी कोटातल्या वारसाफेऱ्यांत वाटाडे मनोऱ्याखाली थांबतात, स्कॉटविषयी बोलतात, राजाबाईंची कथा सांगतात. त्यांनी वरच्या चोवीस मूर्तींकडे बोट दाखवावे आणि मुकुंद रामचंद्र हे नावही सांगावे.